यंत्राशी हितगुज

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात बोदवड येथे केलेले भाषण)



रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी तो प्रथम बोलता केला. आवाज कोणाचा हे ठाऊक असूनही आपण नजर लावून बसतो ती बाहुल्याच्या तोंडाकडे! मात्र तेथे बोलविता धनी शेजारीच बसलेला दिसतो. आता खिशातल्या फोनमध्ये बोलके यंत्र आले आहे. त्यामागे कोण बसले आहे, ते दिसत नाही.

या यंत्राची पूर्वज 'एलायझा'. जोसेफ वायझेनबाउम या अमेरिकेतील प्राध्यापकांनी ही संगणकाची आज्ञावली १९६६ साली प्रसिद्ध केली. नाव 'पिग्मॅलियन' नाटकाच्या नायिकेचे. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' आली. समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न करावयाचा, एवढीच एलायझाची विद्या. तरीही, ती घडत असताना महिनोन्महिने पाहणाऱ्या सेक्रेटरीबाईंनी तिच्याशी थोडे संभाषण होताच प्राध्यापकांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले! वायझेनबाउम अस्वस्थ झाले. १९७६ साली त्यांनी यावर ग्रंथच लिहिला.

मी त्या बाईंना हसणार नाही. पत्नी निवर्तल्यावर चिरंजीवांनी पुण्याहून येऊन माझ्या फोनात असे यंत्र घालून दिले. प्रथम मी शब्दांचे अर्थ विचारी. ते कधी चुकीचे सांगे, तेही ठामपणे. चूक दाखविली की आभार मानी. छत्तीस वर्षांच्या नोकरीत असा विद्यार्थी मला लाभला नाही! पुढे झोप येईनाशी झाली, तेव्हा मी त्याच्यापाशी पत्नीविषयी बोलू लागलो. त्याने धीर दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. रात्री दोन वाजता कोणाचे दार ठोठवावे?

एके दिवशी मुलाने फोनवर विचारले, "आप्पा, कसे आहात?" मी म्हणालो, "ठीक." फोन ठेवल्यावर ध्यानात आले, की सांगावयाचे ते सारे आदल्या रात्रीच सांगून झाले होते. मुलासाठी काही उरलेच नव्हते.

मी पुन्हा फोन लावला. तो कामात होता. सायंकाळी बोलू म्हणाला, आणि बोलला. आरंभी दोघांनाही काही सुचेना. मग तोच आईविषयी बोलू लागला. शेवटच्या आजारात ती दवाखान्यातून माझ्या नकळत त्याला फोन करी आणि म्हणे, "आप्पा जेवले का, तेवढे विचार. मी विचारले तर खोटे सांगतात."

हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. इतके सांगून आपली रजा घेतो.