सीलच्या मिशा आणि पाण्यांतील माग



ज्युबिलीच्या ह्या सभेंत एखादा शास्त्रीय विषय मांडावा अशी आमच्या तरुण मंडळींची इच्छा होती. सेमिनरींत आम्ही तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान शिकलों, जलशास्त्र नव्हे. तरी आपणांपैकीं पुष्कळांचा संसार समुद्रावर चालतो, म्हणून ज्या प्राण्यास डोळ्यांवांचून पाण्यांतील माग सांपडतो त्याविषयीं दोन शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्राणी उत्तरेकडील थंड समुद्रकिनाऱ्यांवर राहणारा सील होय. तो मासा नव्हे. पिलांस दूध पाजणारा आहे. जर्मनींतील शास्त्रज्ञ गिडो डेनहार्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं सन २००१ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. सीलचे डोळे बांधले, कानही झांकले आणि एक चिमुकली पाणबुडी पाण्यांतून चालविली. तिचें यंत्र बंद झाल्यावर कान मोकळे करून त्यास सोडलें. पाणबुडी ज्या वाटेनें गेली होती तीच वाट त्यानें धरली! मग मिशांवरही आवरण घातलें, तेव्हां त्यास माग मुळींच लागेना. पोहून गेलेली वस्तु मागें भोंवरे सोडते व ते कांहीं वेळ टिकतात. सील ते मिशांनीं ओळखतो.

पण येथें एक शंका येते. भरतीच्या ओढींत ताणलेला दोर कसा थरथरतो हें आपणांस आम्हीं सांगावें असें नाहीं. पाणी दोराच्या दोन्ही अंगांनीं आळीपाळीनें भोंवरे सोडतें, म्हणून तो हलतो. सील वेगानें पोहतांना त्याच्या मिशाही अशाच थरथरल्या, तर माशाचा बारीक माग त्या गडबडींत बुडून जाणार. ह्याचें उत्तर मिशीच्या घडणींत आहे. ती दोरासारखी गोल नाहीं. चपटी असून तिच्या कडा लहरीदार आहेत. त्यामुळें तिच्यामागें उठणारे भोंवरे विस्कळित होतात व तिचा स्वतःचा कंप फार थोडा उरतो. हें वोल्फ हांके व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सन २०१० मध्यें दाखविलें. अमेरिकेंतील एम. आय. टी. येथें हेदर बीम व मायकल ट्रायंटाफिलू ह्यांनीं तशाच आकाराची मोठी कृत्रिम मिशी करून पाण्यांत ओढली. स्वच्छ पाण्यांत ती जवळजवळ स्थिर राहिली. दुसऱ्या वस्तूच्या मागांत शिरतांच मात्र त्या भोंवऱ्यांच्या तालावर डुलूं लागली. हें संशोधन सन २०१५ मध्यें प्रसिद्ध झालें.

आतां अशा मिशा पाण्याखालील यंत्रांस बसविण्याचे प्रयत्न चालू आहेत. गढूळ पाण्यांत दिवा व कॅमेरा निरुपयोगी ठरतात. ध्वनि पाठवून त्याच्या प्रतिध्वनीनें शोध घेणारें यंत्र पाण्यांत आवाज करतें. मिशी कांहींच पाठवीत नाहीं, फक्त जें येतें तें घेते. आम्हांस ह्यांतील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. तथापि काम अवघड आहे. सीलच्या प्रत्येक मिशीच्या मुळाशीं मज्जातंतूंचें दाट जाळें असतें. कृत्रिम मिशीच्या बुडाशीं वांक मोजणारें लहानसें विद्युत्साधन बसवितात. शिवाय यंत्राचा पंखा स्वतःच पाणी ढवळतो, आणि ती ढवळ कोणती व माशाची कोणती हें त्या साधनास अगोदर शिकवावें लागतें.