न पाहिलेला गेंडा

मी मुलांच्या पुस्तकांसाठी प्राण्यांची चित्रं काढते. आज तुम्हाला एका जगप्रसिद्ध चित्रातली चूक दाखवते आणि मग माझी स्वतःची.

पडद्यावर बघा. हे लाकडी ठशावरून छापलेलं गेंड्याचं चित्र, १५१५ सालचं. अंगावर चिलखत, पायांवर खवले. आता मानेच्या मागे, खांद्यांपाशी बघा. एक छोटं पिळदार शिंग दिसतंय? असं शिंग कुठल्याच गेंड्याला नसतं.

गंमत म्हणजे हा गेंडा आपल्याकडचा. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला. जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून निघाला आणि २० मे रोजी लिस्बनला पोचला. पोर्तुगीज त्याला ‘गंडा’ म्हणत.

चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर मात्र दूर, जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये. त्याने गेंडा कधीच पाहिला नाही. हाती आलेलं वर्णन आणि एक रेखाटन, एवढ्यावर त्याने हे चित्र केलं. कातडीच्या घड्यांचं चिलखत झालं. १५५१ मध्ये ते कॉनराड गेस्नरच्या प्राणिग्रंथात गेलं. पुढे दोनशे वर्षं लोक त्याची नक्कल करत राहिले, त्या खोट्या शिंगासकट.

खरा गेंडा तोवर केव्हाच गेला होता. पोपला भेट म्हणून पाठवताना, १५१६ च्या सुरुवातीला, इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. तो साखळदंडात होता.

१७४१ मध्ये क्लारा नावाची गेंड्याची मादी भारतातून हॉलंडला पोचली आणि युरोपभर फिरली. चित्रकारांनी तिला समोर बघून काढलं, तेव्हा कुठे ते शिंग गळायला लागलं.

आता माझी चूक. मी एका पुस्तकात सुसर काढली, पिल्लांसोबत आई. तिच्या नाकाच्या टोकावर छान घडा काढला. एका छोट्या वाचक मुलीने लिहिलं, “ताई, तो घडा फक्त मोठ्या नराला असतो.”

मी सुसर पाहिलीच नव्हती. दुसऱ्या पुस्तकातलं चित्र बघून काढली होती. ड्यूररला गेंडा बघायची सोय नव्हती. मला चंबळला जाणारी गाडी होती.

पुढच्या हिवाळ्यात मी गेले. आता प्रत्येक चित्राखाली लिहिते: प्रत्यक्ष पाहून, किंवा फोटोवरून.

जुनं छापचित्र हाती आलं, तर एवढंच विचारा: काढणाऱ्याने हा प्राणी पाहिला होता का?