पराक्रम आपला, निर्णय परक्यांचा



शिरूरहून घोड नदी ओलांडली की नगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्याचे सुपुत्र नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीकाठी लढले. दोन जखमी सहकाऱ्यांना त्यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढले, शत्रूच्या मशीनगन निकामी केल्या आणि काठावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. या शौर्याला व्हिक्टोरिया क्रॉस लाभला.

पण हे युद्ध पेटवले कोणी? १९१९ च्या व्हर्साय तहाच्या अपमानाचे भांडवल करून हिटलर सत्तेवर आला. १९३९ मध्ये व्हाइसरॉयने भारताला न विचारताच युद्धात लोटले. सुमारे ८७ हजार भारतीय सैनिक घरी परतले नाहीत.

अन्याय्य तहात पुढच्या युद्धाचे बीज असते. आणि ज्या राष्ट्राचा निर्णय परक्यांच्या हाती, त्याचे पुत्र परक्यांच्या रणांगणावर धारातीर्थी पडतात. स्वातंत्र्याचे मोल ते हेच!