पडद्यासमोरची मुलाखत

आपल्याकडे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश बहुतांशी नीट-पीजीच्या गुणांवर होतो;
तेथे मुलाखत नाही.

परंतु लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेतून वा अन्यत्र पदवी घेऊन जो उमेदवार अमेरिकेतील रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तेथील पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अर्ज करतो,
त्याला मुलाखत द्यावी लागते;
आणि 2020 च्या महासाथीपासून ती बहुधा घरबसल्या, संगणकाच्या पडद्यावर होते.

तेव्हा पहिली गोष्ट: उत्तरे मोठ्याने बोलून पाहा.

परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नने आपल्या मुलांना अचूक पर्याय निवडण्याची शिस्त लावली;
परंतु स्वतःविषयी, एखाद्या रुग्णाविषयी, हातून झालेल्या चुकीविषयी दोन मिनिटे शांतपणे बोलण्याची सवय
ही निराळीच विद्या आहे, हे कबूल केले पाहिजे.

बोलताना नजर कॅमेऱ्याच्या भिंगाकडे असावी.

आता घड्याळ.
न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास असते;
नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हेच अंतर साडेदहा तासांचे होते.
तेथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ;
म्हणून वेळेची खातरजमा करावी, इन्व्हर्टरचा बंदोबस्त ठेवावा,
आणि तुळशीच्या लग्नानंतर गल्लीतून वरात जाणार असेल, तर खोली आधीच बदलावी!

पुन्हा सांगतो: उत्तरे मोठ्याने बोलून पाहा.
आरशापुढे नव्हे;
मित्राला दुसऱ्या खोलीत बसवून, व्हिडिओ कॉलवर.

आणि अखेरीस, “आपल्याला काही विचारायचे आहे का?” असे मुलाखत घेणारे विचारतातच.
त्यासाठी दोन प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत.