शेवाळाला बोलवावे, ओढून आणू नये
(मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डिप्लोमा केलेला सिव्हिल इंजिनिअर. वनस्पतिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु पूल, बोगदे आणि कटिंग तपासण्यात नोकरीची बरीच वर्षे गेली आणि त्या कामात शेवाळाशी जवळून ओळख झाली. त्या ओळखीवरच चार शब्द बोलणार आहे.

आपण मराठी माणसे ‘शेवाळ’ हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो. आपले कन्नड सहकारीही दोन्हींना ‘पाची’च म्हणतात. विहिरीच्या पाण्यावर तरंगते ते एक. पावसाळ्यात भिंतीवर, दगडावर, झाडाच्या खोडावर हिरव्या मखमलीसारखे चढते ते दुसरे. इंग्रजीत त्याला मॉस म्हणतात. आज बोलायचे आहे ते या मखमलीबद्दल.

याला फूल नाही, बी नाही, खरे मूळही नाही. तळाशी बारीक तंतू असतात, ते फक्त धरून ठेवण्यापुरते. पाणी ते सर्वांगाने पिते. ऊन तापले की आक्रसून तपकिरी होते, मेले असे वाटते. पावसाची सर आली की थोड्याच वेळात पुन्हा हिरवे. अकरावी-बारावीला ज्यांनी जीवशास्त्र घेतले त्यांना ‘फ्युनारिया’ आठवत असेल. त्याचा देठ हवेतील ओलाव्याप्रमाणे पिळतो आणि सुटतो. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या नावातच ‘आर्द्रता मोजणारा’ असा अर्थ घातला.

आम्हा इंजिनिअरांना तर ते फुकटचे मोजमापच आहे. पुलाच्या भिंतीवर शेवाळाचा हिरवा पट्टा दिसला की समजावे, पाणी इथून झिरपते आहे. मागचा निचरा तपासा. दगडी बांधकाम फोडते ते पिंपळाचे मूळ. शेवाळात तेवढी ताकद नाही. मात्र शेवाळाने धरलेल्या मातीत पिंपळाचे बी रुजू शकते, म्हणून पुलावरचे शेवाळ आम्ही खरवडतो. पुलाला जे लागू ते घरामागच्या कुंपणाच्या भिंतीला लागू असतेच असे नाही.

आपल्या मुंबई-पुणे मार्गावरचा भोर घाट 1863 साली रेल्वेसाठी खुला झाला. त्याच खंडाळ्याच्या आणि महाबळेश्वरच्या शेवाळांवर जी. टी. दाभाडे यांनी अख्खे पुस्तक लिहिले आणि ते 1998 साली प्रसिद्ध झाले. ज्या डोंगरातून आपण गाडीच्या खिडकीतून धबधबे बघत जातो, तिथल्या ओल्या दगडावर एका पुस्तकाचा ऐवज उगवलेला असतो.

आता एका दुर्मिळ शेवाळाची हकीकत. 2017 साली पंजाब केंद्रीय विद्यापीठाचे प्रा. फेलिक्स बास्ट भारतीय मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेले होते. तिथल्या आपल्या ‘भारती’ या केंद्राजवळ त्यांना एक अनोळखी शेवाळ सापडले. डीएनए तपासून, जगभरच्या नमुन्यांशी ताडून पाहून ते नवे असल्याची खात्री करण्यात काही वर्षे गेली आणि 2021 साली ते जाहीर झाले. नाव ठेवले ‘ब्रायम भारतीएन्सिस’. भारती म्हणजे सरस्वती. पेंग्विन जिथे पिले वाढवतात तिथे त्यांच्या विष्ठेच्या खतावर हे शेवाळ वाढते. हिवाळ्यात ते बर्फाखाली सुकून निपचित राहते आणि सूर्य परतला की बर्फाचे पाणी पिऊन जागे होते, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. एवढे सोसणारा हा जीव आपण मात्र नखाने उचलून टाकतो.

बागेत त्याला काय स्थान? जपानमध्ये क्योटो येथे साइहो-जी नावाचे बौद्ध मंदिर आहे. तिथल्या बागेत सुमारे 120 प्रकारची शेवाळे आहेत आणि 1994 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. गंमत अशी, की मूळच्या बागेच्या आराखड्यात शेवाळ नव्हतेच. पुढे देखभालीला पैसा उरला नाही, तेव्हा ओलाव्यात ते आपणहून पसरले आणि त्यानेच बागेला कीर्ती मिळाली. आपल्याकडे नैनितालजवळ खुर्पाताल येथे उत्तराखंडच्या वनखात्याने 2020 साली शेवाळांची बाग केली. तिथे तीसेक जाती पाहायला मिळतात. भिंतीवरचे नेहमीचे ‘सिमेंट मॉस’ही त्यांत आहे.

मंडळी, हे सगळे सांगण्याचे कारण आपल्या घरचे आहे. आरास करताना डोंगराचा देखावा ठरला की कोणीतरी म्हणतेच, “नंदी हिल्सवरून थोडे शेवाळ आणू या.” नंदीदुर्ग 1,478 मीटर उंच, धुक्यामुळे तिथली खोडे शेवाळाने मढलेली असतात. हाताएवढा तुकडा भरायला तिथे वर्षे लागतात, आणि आपल्या मखरात दिव्यांच्या उष्णतेने तो विसर्जनापूर्वीच वाळतो. बाप्पाच्या एकवीस पत्रींमध्येही शेवाळ नाही. मग हा हट्ट कशाला?

त्याऐवजी लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मोहरी आणि अळीव पेरत होतो, ते आठवा. इथे तर नाचणी प्रत्येक दुकानात मिळते. चतुर्थीच्या आठवडाभर आधी ओल्या मातीवर पेरली की डोंगर हिरवागार होतो. हे काम बालगोपाळांकडे सोपवावे.

घरी शेवाळ हवे असेल तर उत्तरेकडच्या सावलीत जुन्या विटा किंवा खडबडीत दगड मांडा. साठवलेले पावसाचे पाणी शिंपडा. बोअरचे क्षारयुक्त पाणी दगडावर पांढरे डाग धरते. पडलेली पाने उचलत राहा. दगडाला ताक फासायची युक्ती कोणी सांगेल, पण शेवाळाला ताक लागत नाही, बुरशीला लागते. नर्सरीत ऑर्किडसाठी स्फॅग्नम नावाचे शेवाळ पिशवीत मिळते. ते स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरते हे खरे, पण ते कुठल्या तरी जंगलातून खरवडलेले नाही ना, एवढे विचारा. पुष्कळ कामे नारळाच्या काथ्यानेही भागतात. आणि जिन्यावर, न्हाणीच्या वाटेवर मात्र शेवाळाला थारा देऊ नका. आजी-आजोबांची हाडे अधिक मोलाची.

मंडळासमोर माझी एकच सूचना आहे. पुढील वर्षापासून आपल्या आरासीत रानातून उपटलेले काहीही नसावे, असा ठराव कार्यकारिणीने करावा. डोंगरावरचे शेवाळ डोंगरावर राहू द्या. आपल्या भिंतीवर ओल आणि सावली मिळाली, तर ते आमंत्रणाशिवाय येईल.

गणपती बाप्पा मोरया!