एका गव्हर्नरची कात्रणवही

थिओडोर रूझवेल्ट यांच्या वृत्तपत्रीय कात्रणांच्या वह्या वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवल्या आहेत. त्यांचा काळ १८९५ ते १९१० असा आहे. रूझवेल्ट न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते ती १८९९ आणि १९०० ही दोन वर्षे त्यातच येतात.

अमेरिकेतला गव्हर्नर आपल्याकडच्या राज्यपालासारखा वरून नेमलेला नसतो. तो मतदारांनी निवडून दिलेला असतो आणि राज्याचा कारभार तोच हाकतो, बराचसा मुख्यमंत्र्यासारखा. रूझवेल्ट जेमतेम अठरा हजार मतांनी निवडून आले होते. अशा माणसाला आपल्याविषयी रोज काय छापून येते यावर नजर ठेवावीच लागते.

कात्रणे पुरवणे हा न्यूयॉर्कमध्ये तेव्हा रीतसर धंदा होता. हेन्री रोमाइके आणि फ्रँक बरेल यांच्या कचेऱ्या तिथे १८८० च्या दशकात उघडल्या. तिथले पगारी वाचक ढीगभर वर्तमानपत्रे चाळायचे आणि गिऱ्हाइकाचे नाव दिसले की खूण करायचे. मग तो मजकूर कापायचा, वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख असलेली चिठ्ठी त्याला डकवायची आणि पाकिटातून धाडून द्यायचा. चिकटवण्याची कटकट वाचावी म्हणून मार्क ट्वेन यांनी १८७३ मध्येच आधीपासून डिंक लावलेल्या पानांच्या वहीचे पेटंट घेतले होते. त्या वहीवर पैसाही बरा मिळाला म्हणे.

कात्रणाची एक खोड मात्र लक्षात ठेवावी लागते. कात्री मजकूर वाचवते आणि त्याची जागा हरवते. बातमी पहिल्या पानावर होती की आतल्या कोपऱ्यात, शेजारी काय छापले होते, हे वहीत उरत नाही.

रूझवेल्ट यांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. राज्याची राजधानी ऑल्बनी इथे ते दिवसातून दोनदा बातमीदारांना कचेरीत बोलावून मोकळेपणाने बोलत. यातले किती छापायचे, हेही तेच सांगत. म्हणजे वहीत चिकटलेल्या मजकुराचा बराच भाग मुळात त्यांच्याच तोंडून निघालेला असणार. म्हणून ही वही जनमताचा आरसा मानण्यापेक्षा गव्हर्नरच्या कचेरीचेच एक दप्तर मानलेली बरी.

कारकिर्दीतल्या काही गोष्टी उघड्यावर घडल्या. रस्ते वापरणाऱ्या ट्राम आणि गॅस कंपन्यांच्या परवान्यांवर कर बसवणारा कायदा मे १८९९ मध्ये झाला. एप्रिल १९०० मध्ये क्रोटन धरणावरच्या मजुरांच्या संपात सैनिक धाडले गेले. हे सगळे वर्तमानपत्रांच्या रकान्यांत आपसूक येत होते. पण रूझवेल्ट यांच्याच पक्षाचे राज्यातले सर्वेसर्वा थॉमस प्लॅट यांच्याशी चाललेली ओढाताण बहुतेक न्याहारीच्या टेबलावर आणि पत्रांतून चाले. विमा खात्याचे प्रमुख लू पेन यांना प्लॅट यांचा पाठिंबा होता; तरी रूझवेल्ट यांनी त्यांना हटवलेच. मृदू बोलावे, पण हाती मोठा दांडका ठेवावा, ही त्यांची पुढे जगभर गाजलेली म्हण त्याच निमित्ताने कागदावर आली, तीही २६ जानेवारी १९०० च्या खासगी पत्रात. अशा वेळी नुसती कात्रणे पुरत नाहीत, पत्रव्यवहार शेजारी ठेवूनच ती वाचावी लागतात. त्याच वर्षी जूनमध्ये पक्षाच्या फिलाडेल्फियातल्या अधिवेशनात रूझवेल्ट यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. हा डोईजड गव्हर्नर राज्याबाहेर जावा, अशी प्लॅट यांचीही इच्छा होतीच.

त्या काळचा वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असते. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग कडेने तुटू लागतो. डिंक सुकला की कात्रण सुटते, आणि चिठ्ठी गळाली तर तारीखही जाते. म्हणून मूळ वही सारखी हाताळू देत नाहीत. रूझवेल्ट यांनी आपली कागदपत्रे १९१७ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सोपवायला सुरुवात केली. पुढे त्या संग्रहाची ४८५ मायक्रोफिल्म रिळे तयार झाली आणि २०१८ मध्ये तो संगणकावर सर्वांना खुला झाला.