तिकिटाच्या शेजारचा मजकूर



आपल्या बेटाची तिकिटे जगप्रसिद्ध आहेत. १८४७ ची ती लाल आणि निळी तिकिटे पाहायला आम्ही शिक्षिका मुलांना पोर्ट लुईच्या संग्रहालयात नेतो. मुले किंमत विचारतात. पत्रात काय लिहिले होते, हे कोणी विचारीत नाही. म्हणून आज आम्ही तिकिटाबद्दल नाही, त्याच्या शेजारच्या मजकुराबद्दल बोलणार आहोत.

उदाहरण दूरचे आहे, जर्मनीचे. फ्रान्झ मार्क हा चित्रकार निळे घोडे काढीत असे. १९१२ च्या अखेरीस त्याची एल्झे लास्कर-श्यूलर या कवयित्रीशी मैत्री झाली. तीही चित्रे काढी. पत्रांत स्वतःला राजपुत्र युसुफ म्हणवी. नुकताच तिचा घटस्फोट झाला होता, हाती पैसा नव्हता. नववर्षाला मार्कने तिला एक पोस्टकार्ड रंगवून पाठवले. त्यावर मनोऱ्यासारखे एकावर एक निळे घोडे, आणि सोबत चंद्रकोर व तारे. त्या तिच्याच आवडत्या खुणा होत्या. 'तुझे पत्र पोचले' हे त्याने असे कळवले, असे आम्हांला वाटते. पुढेही तो तिला रंगवलेली कार्डे पाठवीत राहिला.

त्याच घोड्यांचे त्याने १९१३ मध्ये दोन मीटर उंच तैलचित्र केले. १९१६ मध्ये तो व्हर्डनजवळ युद्धात मारला गेला. ते चित्र बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात होते. १९३७ मध्ये नाझींनी ते जप्त केले आणि १९४५ पासून ते बेपत्ता आहे. कवयित्रीने देश सोडला, १९४५ मध्येच ती जेरुसलेमला वारली. तळहाताएवढे कार्ड मात्र म्युनिकमध्ये शाबूत आहे.

भारतात शांतिनिकेतनचे नंदलाल बसूही साध्या पोस्टकार्डांवर चित्रे काढून शिष्यांना पाठवीत.

आता आपल्याकडे वळू. १८३४ पासून कराराने आलेल्या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. क्रमांक, नाव, जहाज, वय, गाव, सारे काही आहे. पण ते कारकुनाच्या हातचे, रोमन लिपीत. आपल्या माणसाचे अक्षर त्यात शोधू नका.

ते घरात शोधावे लागते. आमच्या वर्गातल्या एका मुलीने पणजोबांची झाकरीच्या गाण्यांची वही आणली. पाने पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या. समासात पेन्सिलीने दुसऱ्या गावच्या गायकाला निरोप होता: चाल बदलली आहे, दुसऱ्या कडव्याला ढोलकी सावकाश. एका कलाकाराने दुसऱ्याला लिहिलेलेच ना हे? मुलीने अडखळत वाचले. शेजारी उभे असलेले तिचे वडील क्रेओलमध्ये विचारीत होते, काय लिहिले आहे?

अशा वह्या, कार्डे, पाकिटे कोणाकडे असतील तर फेकू नका, प्लास्टिकमध्ये बांधूनही ठेवू नका, दमटपणा धरतो. आम्हांला दाखवा, फोटो काढून लगेच परत देऊ. आणि मुलांनो, मागच्या टेबलावर कोरी कार्डे व रंग ठेवले आहेत. पत्ता रोमनमध्ये लिहा, पोस्टमनसाठी. बाकी सगळे मराठीत.